धडधडीबद्दल मंदाला

मिरज

प्रिय मंदा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. खाली वाकून कळशी उचलली, एकदम छातीत धडधड सुरू झाली, पंधरा-वीस मिनिटांनी आपोआप थांबली. आणि डॉक्टरांनी 'टेन्शन घेऊ नका' म्हणून घरी पाठवलं. मला हे पटलेलं नाही.

एवढी वर्षं कार्डिओग्राम काढतेय, म्हणून सांगते. धडधड सुरू कशी होते आणि थांबते कशी, हे आधी विचारायला हवं. काळजीने, तापाने नाडी वाढते ती हळूहळू, आणि उतरतेही हळूहळू. तुझी बटण दाबल्यासारखी सुरू झाली आणि तशीच बंद पडली. अशा वेळी एसव्हीटीची, म्हणजे हृदयाच्या वरच्या भागातून अचानक उठणाऱ्या जलद ठोक्यांची, शंका घ्यावीच लागते. हृदयाच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या मधोमध प्रत्येकाला एक नैसर्गिक गाठ असते, तिला एव्ही नोड म्हणतात; ठोक्याची वीज तिच्यातून खाली जाते. काही जणांच्या त्या गाठीत विजेच्या प्रवाहाला दोन वाटा असतात. एखादा ठोका अवेळी पडला की प्रवाह तिथेच गोल गोल फिरत राहतो. एरवी 60 ते 100 असणारी नाडी मग 150, कधी 200 वर जाते. वाकल्यावर सुरू होणं हेही त्यात बरेचदा दिसतं. हा प्रकार बायकांमध्ये जास्त, आणि मनाचे खेळ म्हणून तो उडवून लावला जातो. याचा मला फार राग येतो.

तरी तेवढंच धरून बसू नकोस. पाळीत फार जातंय असं तू दिवाळीत म्हणाली होतीस. रक्त कमी असलं तरी हृदयाला जास्त पळावं लागतं. हिमोग्लोबिन आणि टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, करून घे. थायरॉईड वाढलं तर झोपेतही नाडी जलद राहते. नुसत्या चहावर काढलेला उपवास, सर्दीच्या काही गोळ्या, दम्याचा पंप, हेही डॉक्टरांना सांग. ठोके जलद आणि शिवाय बेताल लागले तर ते एट्रियल फिब्रिलेशन असू शकतं. त्यात हृदयात गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका असतो, तेव्हा चालढकल नको.

धडधड थांबल्यावर काढलेला कार्डिओग्राम बहुधा नॉर्मलच येतो, तुझा आला तसा. म्हणून पुढच्या वेळी ती चालू असतानाच जवळच्या दवाखान्यात जा, कार्डिओग्रामची पट्टी काढून घे आणि तिचा फोटो मोबाईलमध्ये ठेव. निम्मं निदान त्या पट्टीत असतं. वारंवार होत असेल तर होल्टर, म्हणजे दिवसरात्र ठोके नोंदवणारं छोटं यंत्र, लावतात.

डॉक्टरांना विचारून एक उपाय शिकून घे: अर्धवट बसून रिकाम्या सिरिंजमध्ये 15 सेकंद जोराने फुंकायचं, लगेच आडवं व्हायचं आणि कुणीतरी पाय वर धरायचे. पुष्कळांची धडधड त्याने थांबते. छातीत दुखलं, दम लागला किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर मात्र फुंकत बसू नकोस, थेट 108 ला फोन.

आणि एसव्हीटीच निघाली तरी घाबरू नकोस. मांडीच्या शिरेतून तार घालून ती जादा वाट जाळतात, त्याला अ‍ॅब्लेशन म्हणतात. बहुतेकांचा त्रास त्याने कायमचा जातो.

टीएसएचचा रिपोर्ट आला की लगेच पाठव.

तुझीच,
वसू