औषधाइतकीच तपासणीही रुग्णाच्या आवाक्यात हवी

महोदय,

कर्करोगाच्या पेशीतील नेमका बिघाड हेरून तोच रोखणाऱ्या नव्या, म्हणजे लक्ष्यवेधी, औषधांविषयी वृत्तपत्रांतून वरचेवर वाचायला मिळते. औषधाचे नाव आणि किंमत ठळकपणे दिलेली असते. ते कोणाला लागू पडणार हे ठरवणाऱ्या रेणवीय (जनुकांतील बदल शोधणाऱ्या) तपासणीचा मात्र बहुधा उल्लेखही नसतो. प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून काम केलेल्या मला ही उणीव फार खटकते.

सीएमएल (क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया) या रक्ताच्या कर्करोगाचे उदाहरण घ्यावे. या रुग्णांच्या पेशींतील एक गुणसूत्र आखूड असते, हे फिलाडेल्फियात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांनी १९६० मध्ये दाखवले. नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झाल्याने तसे होते, हे १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी शोधून काढले. या अदलाबदलीतून बीसीआर-एबीएल हे जोडजनुक तयार होते आणि त्यापासून बनणारे विकर (एन्झाइम) अखंड चालू राहून रक्तपेशींना वाढीचा आदेश देत राहते. इमॅटिनिब हे औषध नेमके हेच विकर रोखते. अमेरिकेत २००१ मध्ये मान्यता मिळालेल्या या गोळीने पूर्वी काही वर्षांत जीव घेणारा आजार आटोक्यात आणला. ती घेणाऱ्या रुग्णांचा दहा वर्षे जगण्याचा दर पुढे सुमारे ८३ टक्के आढळला. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या औषधाच्या स्फटिकरूपाला पेटंट नाकारल्याने, तेव्हा महिन्याला लाखाच्या वर खर्च असलेल्या मूळ औषधाला आपल्याकडे आठ-दहा हजारांतला पर्याय टिकून राहिला. हे फार मोठे काम झाले.

परंतु गोळी सुरू झाली म्हणजे उपचार मार्गी लागला, असे होत नाही. रक्त तपासून मोजलेले बीसीआर-एबीएलचे प्रमाण तीन महिन्यांनी १० टक्क्यांपर्यंत, सहा महिन्यांनी १ टक्क्यापर्यंत आणि वर्षाने ०.१ टक्क्यापर्यंत उतरणे अपेक्षित असते. ते तसे उतरले नाही तर रुग्ण गोळ्या चुकवतो आहे की त्या विकराच्या जनुकात नवे उत्परिवर्तन (बदल) झाले आहे, हे तपासावे लागते. टी३१५आय हे उत्परिवर्तन असेल तर इमॅटिनिबच काय, त्यानंतरची डॅसॅटिनिब आणि निलोटिनिब ही औषधेही चालत नाहीत, पोनॅटिनिबसारखे औषध लागते. रुग्णाला बरे वाटत असतानाच हे बिघडू लागते, म्हणून तपासणीवाचून ते वेळेत कळत नाही.

अडचण इथेच येते. जांभळ्या झाकणाच्या नळीतले रक्त थंड ठेवून एक-दोन दिवसांत प्रयोगशाळेत पोहोचले नाही, तर त्यातील आरएनए, म्हणजे ज्या रेणूवर ही तपासणी होते तो, तुटतो. तालुक्याहून शुक्रवारी कुरिअरने निघालेली नळी सोमवारी दुपारी हाती आली की पुष्कळदा ‘नमुना अयोग्य’ असा शेरा मारावा लागतो. मग रोजंदारी बुडवून रुग्णाने पुन्हा यायचे आणि पुन्हा पैसे भरायचे. अनेक जण येतच नाहीत, आणि त्यांना दोष देण्याचे धाडस मला होत नाही.

फुप्फुसाच्या कर्करोगातही हेच आहे. ईजीएफआर जनुकात उत्परिवर्तन असलेल्यांना जेफिटिनिब या लक्ष्यवेधी गोळीचा चांगला उपयोग होतो. ते नसलेल्यांना किमोथेरपीऐवजी हीच गोळी दिली तर आजार अधिक लवकर बळावतो, हे आशियातील रुग्णांवरील मोठ्या चाचणीत २००९ मध्येच दिसले. तपासणी न करता अंदाजाने गोळी सुरू करणे हे रुग्णाचे नुकसान आहे, मग ती गोळी कितीही स्वस्त असो.

म्हणून शासनाला विनंती आहे की, आरोग्य योजनांत लक्ष्यवेधी औषधाच्या खर्चाला जोडूनच निदानाच्या आणि ठरावीक मुदतीने करायच्या तपासण्यांचा खर्च धरावा, आणि जिल्हा रुग्णालयात ठरलेल्या वारी रक्त घेऊन ते त्याच दिवशी शीतपेटीतून जवळच्या सुसज्ज शासकीय प्रयोगशाळेकडे रवाना करण्याची सोय करावी. आपल्या वृत्तपत्रानेही नव्या औषधाची बातमी देताना, ते कोणत्या उत्परिवर्तनावर चालते आणि त्याची तपासणी कोठे होते, एवढ्या दोन ओळी अवश्य छापाव्यात.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ