टेस्ट हिरवी, पण तपासले काय?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

सॉफ्टवेअरच्या दर्जाविषयी बोलताना ‘कव्हरेज’ची टक्केवारी अनेकदा सांगितली जाते. टेस्ट म्हणजे कोड तपासणारा छोटा प्रोग्राम; ती उत्तीर्ण झाली की हिरवी, पडली की लाल दिसते. ती चालताना कोडच्या किती ओळी चालल्या, एवढेच ती टक्केवारी सांगते. ९० टक्के कव्हरेज असलेल्या टेस्टही पोकळ असू शकतात. त्याचे एक ठळक कारण अभ्यासक्रमात क्वचितच शिकवले जाते, म्हणून हे पत्र.

युनिट टेस्टमध्ये, म्हणजे कोडचा एक छोटा भाग सुटा तपासणाऱ्या टेस्टमध्ये, डेटाबेस, बँकेचा सर्व्हर किंवा एसएमएस पाठवणारी सेवा खरी वापरत नाहीत. त्यांच्या जागी मॉक, म्हणजे नकली सोंग, उभा करतात. अमुक आर्ग्युमेंट (मेथडला पुरवलेली किंमत) आले तर काय परत द्यायचे, हे त्याला आधी सांगून ठेवतात आणि शेवटी त्याची मेथड (नावाने बोलावायचा कोडचा तुकडा) त्याच आर्ग्युमेंटने बोलावली गेली का, हे विचारतात. जावा या भाषेत यासाठी मॉकिटो ही लायब्ररी सर्रास वापरतात. आर्ग्युमेंट काहीही असले तरी चालेल, असे सांगायला त्यात एनी, एनीस्ट्रिंग असे मॅचर, म्हणजे आर्ग्युमेंट जुळते का ते ठरवणारे नियम, आहेत. घोळ सुरू होतो तो इथे.

पैसे वळते करणारी एक मेथड घ्या. तिची आर्ग्युमेंट तीन : देणाऱ्याचे खाते, घेणाऱ्याचे खाते, रक्कम. दोन्ही खाती स्ट्रिंग, म्हणजे मजकूर. कोडमध्ये त्यांची अदलाबदल झाली, तर कंपायलर (कोडचे भाषांतर करणारा प्रोग्राम) काही बोलणार नाही, कारण दोन्हींचा प्रकार एकच. टेस्टमध्ये एनीस्ट्रिंग, एनीस्ट्रिंग, एनी असे लिहिले असेल, तर तीही हिरवीच राहील आणि कव्हरेजमध्ये ती ओळ ‘तपासलेली’ म्हणून मोजली जाईल.

तरी लोक एनी का लिहितात? नेमकी किंमत दिली की टेस्ट पडते आणि का पडते ते कळत नाही, म्हणून. मॉकिटो दोन आर्ग्युमेंटची तुलना इक्वल्स मेथडने करते. आपल्या क्लासमध्ये (ऑब्जेक्ट ज्यावरून बनतात त्या साच्यात) ती लिहिलेली नसेल, तर आतला मजकूर तंतोतंत सारखा असूनही दोन ऑब्जेक्ट वेगळे ठरतात. उपाय सरळ आहे : इक्वल्स आणि तिची जोडमेथड हॅशकोड लिहा, किंवा जावा १६ पासून भाषेत कायम झालेला रेकॉर्ड हा क्लासचा प्रकार वापरा, त्यात दोन्ही आपोआप मिळतात. रकमेचा तिढा वेगळा. बिगडेसिमल या दशांश संख्यांच्या प्रकारात १००.५ आणि १००.५० इक्वल्सने समान नाहीत, कारण दशांशस्थळांची संख्याही तुलनेत धरली जाते. तिथे फक्त मूल्य पाहणाऱ्या कम्पेअरटूवर चालणारा मॅचर हवा. मॉकिटोच्या ॲडिशनल मॅचर्समध्ये तो तयार आहे. कोड आतल्या आत ‘आत्ताची वेळ’ घेत असेल, तर ती दर वेळी बदलते; म्हणून घड्याळ बाहेरून द्या आणि टेस्टमध्ये ते एका क्षणावर थांबवून ठेवा.

दुसरी अडचण मिश्रणाची. तीनपैकी दोन आर्ग्युमेंटना मॅचर आणि एकाला साधी किंमत दिली, की ‘तीन मॅचर अपेक्षित, दोन नोंदले’ अशा अर्थाची चूक येते. मॅचर स्वतः नल (‘काहीच नाही’) किंवा शून्य असे काहीतरी परत देतो आणि त्याची खरी नोंद त्या थ्रेडच्या (चालू कामाच्या धाग्याच्या) एका यादीत बाजूला जाते. यादीत दोन नोंदी आणि आर्ग्युमेंट तीन, मग कुठली नोंद कुणाची हे ठरवता येत नाही. म्हणून साधी किंमतही ईक्यू या मॅचरमध्ये गुंडाळावी लागते. याच कारणामुळे मॅचर चुकून खऱ्या मेथडला दिला, तर चूक पुढच्या टेस्टमध्ये फुटू शकते. अशा वेळी आधीची टेस्ट तपासावी. इंट, म्हणजे पूर्णांक, घेणाऱ्या मेथडला नुसते एनी दिले तर नल पॉइंटर एक्सेप्शन येते, तिथे एनीइंट.

मॉकिटो २ पासून एनीस्ट्रिंग नल स्वीकारत नाही. आवृत्ती बदलल्यावर पडलेल्या टेस्टमध्ये सरसकट एनी घालणे ही चुकीची दुरुस्ती आहे. नल यायलाच हवा असेल तर इझनल, आला तरी चालणार असेल तर नलेबल लिहावे.

जुळणी झाली नाही तर मॉक तक्रार न करता नल, शून्य किंवा रिकामी यादी देतो आणि कोड भलत्याच ठिकाणी कोसळतो. जावाच्या टेस्ट चालवणाऱ्या जेयुनिट ५ सोबतच्या मॉकिटो एक्स्टेन्शनमध्ये स्ट्रिक्ट (कडक) पद्धत मुळातच चालू असते आणि ती आर्ग्युमेंट जुळले नाही हे स्पष्ट सांगते. त्रास होतो म्हणून ती लीनियंट (सैल) करू नये.

मॉकला आलेले आर्ग्युमेंट नंतर पाहण्यासाठी पकडून ठेवणारा आर्ग्युमेंट कॅप्टर वापरणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे : तो ऑब्जेक्टची प्रत ठेवत नाही, संदर्भ (मूळ ऑब्जेक्टचा पत्ता) ठेवतो. मेथड बोलावल्यानंतर कोडने तीच यादी रिकामी केली, तर कॅप्टरमध्येही ती रिकामीच दिसते. पायथन भाषेच्या युनिटटेस्ट डॉट मॉक या लायब्ररीतही हेच घडते. मेथड बोलावली जाते त्याच क्षणी प्रत काढून ठेवणे, हा त्यावरचा मार्ग.

सगळेच नेमके तपासा, असे मात्र म्हणणे नाही. एसएमएसचा पूर्ण मजकूर जुळवला, तर एक शब्द बदलताच डझनभर टेस्ट पडतात. तिथे आपली अट लिहू देणाऱ्या आर्ग्दॅट या मॅचरने रक्कम आणि खात्याचे शेवटचे चार अंक तेवढे पाहावेत. तपासला जाणारा कोड जी किंमत स्वतः ठरवतो किंवा पुढे पोचवतो, ती नेमकी जुळवावी. ज्या आर्ग्युमेंटचा त्या टेस्टशी संबंध नाही, तिथे एनी योग्यच आहे.

अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्राध्यापकांना विनंती, की प्रात्यक्षिकाला टेस्ट हिरवी दिसली म्हणून गुण देऊ नयेत. विद्यार्थ्याच्या कोडमधली दोन आर्ग्युमेंट अदलाबदल करून टेस्ट पुन्हा चालवावी. ती लाल झाली, तरच गुण द्यावेत.

आपला,
एक संगणक अभियंता, पुणे