चहाची वीस मिनिटं वजा करणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

परदेशात फिजिओथेरपी शिकायच्या अर्जासाठी तुम्ही दिलेलं, नागपुरात धंतोलीतल्या तुमच्या फिजिओथेरपी क्लिनिकच्या लेटरहेडवरचं ते पत्र अजून जपून ठेवलंय. निळ्या शाईत, तुमच्या तिरप्या अक्षरात : निरीक्षणाचे एकूण तास 41, मिनिटं 40. खरं तर 42 तास भरले होते. पण एका मंगळवारी खालच्या टपरीवर चहाला गेलेली वीस मिनिटं तुम्ही वजा केलीत. खणातली शाळेची दोनशेपानी वही काढली, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, पेन्सिलने बेरीज, मग वजाबाकी. पत्र हातात देताना एवढंच म्हणालात, "विचारलं तर सांगता आलं पाहिजे ना जी."

त्याच आठवड्यात दुसरीकडे, बऱ्याच मोठ्या पाटीखाली, "दोनशे तासांचं लिहून देतो, पाच हजार होतील" असं ऐकायला मिळालं होतं. एका ठिकाणी तर तारखा रिकाम्या ठेवलेलं सही-शिक्क्याचं पत्र तयारच होतं, फक्त नाव घालायचं. त्यांची नावं इथं लिहीत नाही. पण तुमचे आभार मानताना ती माणसं आठवणारच.

फिजिओथेरपीच्या प्रवेशाच्या मुलाखतीत तास मोजत नाहीत, हे ज्यांना ठाऊक नाही तेच दोनशे तासांना भुलतात. तिथं विचारतात, तुम्ही पाहिलेल्या एका पेशंटबद्दल बोला, दुसऱ्या भेटीत उपचार का बदलला ते सांगा. विकतच्या पत्रावर आलेला उमेदवार "व्यायाम शिकवले, शेक दिला" एवढ्यावर थांबतो. 41 तास 40 मिनिटं खरोखर बसलेल्याला बोलायला पुष्कळ असतं.

उदाहरणार्थ ते गुडघा बदललेले काका. सोमवारी गुडघा 85 अंश वाकला आणि बुधवारी 75. काका रडवेले. "मंग दहा कुठी गेले जी मॅडम?" तुम्ही व्यायाम वाढवला नाहीत, आधी मोजमाप तपासलंत. गोनिओमीटरची, म्हणजे सांध्याचा कोन मोजायच्या पट्टीची, कडी गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूच्या हाडाच्या उंचवट्यावर हवी, एक दांडी कुल्ह्याजवळच्या हाडाच्या उंचवट्याकडे, म्हणजे मोठ्या ट्रोकँटरकडे, दुसरी घोट्याच्या बाहेरच्या हाडाकडे. कडी बरोबर होती, खालची दांडी बरोबर होती, वरची मात्र काकांच्या पायजम्याच्या नाडीकडे झुकली होती. ती पुढं झुकली की वाकण्याचा आकडा कमी येतो. ट्रोकँटर डोळ्यांनी शोधायचं नसतं. अंगठा तिथं ठेवून पाय आत-बाहेर फिरवायचा, बोटाखाली हाड फिरलेलं जाणवतं. पुन्हा मोजलं तर 85च. दहा अंश कुठंच गेले नव्हते. चुकीच्या आकड्यावर विसंबून त्या सुजलेल्या गुडघ्यावर जोर दिला असता तर मात्र खरोखर गेले असते.

आणि तो गडचिरोलीकडचा विशीतला मुलगा. चिठ्ठीवर लिहिलेलं : जांघेतला स्नायू ताणलाय, स्ट्रेचिंग द्या. तुम्ही त्याला पाठीवर झोपवून मांडी आत फिरवून पाहिली आणि मध्येच थांबलात. घरात कुणाला सिकलसेल आहे का, हा प्रश्न विदर्भातल्या फिजिओथेरपिस्टला पाठ असायला हवा. रक्ताच्या या आनुवंशिक आजारात मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो आतून मरू लागतो, आणि सुरुवातीला एक्स-रे अगदी साफ दिसतो, एमआरआयमध्ये कळतं. तुम्ही व्यायाम एकही दिला नाहीत, त्या पायावर भार कमी करायला काठी दिलीत आणि हाडांच्या डॉक्टरांना फोन लावलात. फी घेतली नाहीत, कारण "मी केलं काय?" काहीच न करणं हाही निर्णय असतो, ही गोष्ट कुठल्या माहितीपत्रकात छापलेली नसते.

आता परदेशी प्रवेश करून देणाऱ्या, बर्डीवरच्या त्या काचेच्या केबिनबद्दल. माझं बी.एस्सी. झूऑलॉजी आणि सहा वर्षं औषधविक्रीची बॅग, एवढ्या भांडवलावर फिजिओथेरपीकडे वळायचं, तर इथं पुन्हा 'नीट' परीक्षा आणि चार-पाच वर्षांचं बीपीटी, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी. म्हणून बाहेरचा रस्ता. केबिनमधल्या सल्लागाराने ब्रिटनमधली 'एमएससी स्पोर्ट्स थेरपी'ची ऑफर चार दिवसांत आणली, पेढे मागितले. तुम्ही ते पत्र वाचलंत, मोबाइलवर तिथल्या फिजिओथेरपिस्टांची नोंदणी करणाऱ्या हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिलची मान्य अभ्यासक्रमांची यादी उघडली, नाव टाकलं आणि काही न बोलता मोबाइल माझ्याकडे फिरवला. यादीत काहीच नव्हतं.

ही चूक दरवर्षी कुणाचे तरी लाखो रुपये खाते, म्हणून ती उघड लिहितो. नावं सारखी वाटतात, कामं वेगळी असतात. 'ॲडव्हान्स्ड फिजिओथेरपी' आधीच फिजिओ असलेल्यांसाठी. 'स्पोर्ट्स थेरपी' आणि 'स्पोर्ट्स रिहॅबिलिटेशन' शिकून तुम्ही मैदानावर काम कराल, पण ब्रिटनमध्ये 'फिजिओथेरपिस्ट' ही पाटी लावणं कायद्याने गुन्हा ठरेल, कारण ते नाव नोंदणी झालेल्यांसाठीच राखलेलं आहे. दुसऱ्या विषयाच्या पदवीधराला लागतो तो 'प्री-रजिस्ट्रेशन', म्हणजे नोंदणीला पात्र करणारा, एमएससी : साधारण दोन वर्षं, त्यात सुमारे 1,000 तास प्रत्यक्ष पेशंटबरोबर. अख्ख्या ऑफर लेटरमध्ये तो एक शब्द आहे की नाही, एवढंच आधी बघायचं. परत येऊन महाराष्ट्रात काम करायचं तर इथल्या परिषदेच्या नोंदणीचा प्रश्न उरतोच. तो निघताना विचारावा, परतताना नव्हे. हेही तुमचंच वाक्य.

शिष्यवृत्तीचं त्रांगडं वेगळंच. ज्याला त्याला ब्रिटन सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती सुचते. चेव्हनिंग एका वर्षाच्या मास्टर्सला पैसे देते, आपला कोर्स दोन वर्षांचा. तिथंच विषय संपतो. सामाजिक न्याय मंत्रालयाची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप अनुसूचित जाती, भटक्या-विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागिरांच्या मुलांसाठी : घरचं उत्पन्न वर्षाला 8 लाखांच्या आत, वय 35 च्या आत, आणि फक्त मास्टर्स किंवा पीएचडीला. बॅचलर्सला नाही. म्हणजे परदेशात बीएससी फिजिओथेरपी घेतलं तर एक पैसा मिळणार नाही, प्री-रजिस्ट्रेशन एमएससी मात्र बसतं. अडतं कुठं, तर रँकिंगमध्ये. विद्यापीठ क्यूएसच्या जागतिक क्रमवारीच्या यादीत पहिल्या 500 मध्ये हवं, आणि फिजिओथेरपी उत्तम शिकवणारी, दवाखान्यांशी घट्ट बांधलेली कितीतरी विद्यापीठं त्या यादीत खालीच असतात. किंग्ज कॉलेज लंडन, ऑस्ट्रेलियातली सिडनी, क्वीन्सलँड अशी दोन्हीकडे बसणारी नावं मोजकी आणि तिथली स्पर्धा जबर. राज्याच्या राजर्षी शाहू शिष्यवृत्तीचं रँकिंग आणखी कडक. महाज्योती या सरकारी संस्थेचं कार्यालय तर नागपुरातच आहे. ओबीसी मुलांनी तिथं स्वतः जाऊन विचारावं, ऐकीव माहितीवर बसू नये.

अर्जांचं पुराण इथं लावत नाही. एकच गोष्ट लिहितो, कारण ती तुमच्याशिवाय कुणीच सांगितली नव्हती. पहिल्याच दिवशी तुम्ही विचारलंत, "हिपॅटायटिस बी झालंय का?" ना इंग्रजीची आयईएलटीएस परीक्षा, ना पैसे, आधी लस. तीन डोस, पहिला आज, दुसरा महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी, आणि त्यानंतर महिना-दोन महिन्यांनी रक्तात अँटिबॉडी आल्यात का ते तपासायचं. पेशंटजवळ जाण्याआधी विद्यापीठाचा आरोग्य विभाग तो रिपोर्ट मागतो. ज्यांना हे व्हिसा आल्यावर कळतं, त्यांच्या हातात तेवढे महिनेच नसतात. वर्ग सुरू होतो आणि प्लेसमेंट, म्हणजे पेशंटबरोबरचं प्रत्यक्ष काम, अडकते. पैशांची सोय कर्ज काढून होते, सहा महिन्यांची होत नाही.

'मालिश करायला लंडनले जाऊन राह्यला' म्हणणारे नातेवाईक भेटले की आजकाल राग येत नाही. त्यांनी निदान तोंडावर सांगितलं. राग येतो तो गोड बोलून शिक्का मारून देणाऱ्यांचा. नागपुरात मे महिन्यात 45 अंशांत, कूलरचं पाणी संपलेलं असताना, बाहेर आठ पेशंट खोळंबलेले असताना, एका अनोळखी माणसाच्या तासांची बेरीज दोनदा करणारी माणसंही याच शहरात आहेत. तुम्हाला यात काही विशेष वाटणार नाही. वाटत नाही म्हणूनच तुम्ही तसं करता.

मॅडम, आता एक विनंती. पुढच्या मंगळवारी मानेवाड्याची एक मुलगी तुमच्याकडे येईल. बी.एस्सी. झालीय, तीन वर्षं एका लॅबमध्ये काम करते, तिलाही बर्डीवरून चार दिवसांत ऑफर आली होती. ती तिने घेतलेली नाही. खिडकीजवळचं ते स्टूल अजून असेल तर तिला बसू द्या. हिपॅटायटिस बीचा पहिला डोस झालाय, कार्ड सोबत आणेल. वहीत नवीन पान लागेल.

चहा ती घेत नाही.

तुमचा,
41 तास 40 मिनिटंवाला