टॅपरूमच्या पाटीवर तारीख हवी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पुणे, मुंबई, बेंगळुरूला फिरायला जाणारे अनेक जण आता टॅपरूमची, म्हणजे नळावरची बिअर मिळणाऱ्या ठिकाणांची, चौकशी करूनच निघतात. पुण्यात 2009 साली डूलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली तेव्हा क्राफ्ट बिअर (छोट्या प्रमाणावर बनवलेली बिअर) हा शब्दही नवा होता. आज पाटीवर आठ-दहा नावे दिसतात आणि नावापुढे अल्कोहोलचे प्रमाण व भाव लिहिलेला असतो. बिअर केगमध्ये, म्हणजे पिंपात, कधी भरली, हे मात्र क्वचितच लिहिलेले असते. पेल एल या फिकट रंगाच्या बिअरसाठी तीच माहिती सर्वांत मोलाची आहे.

पेल एलची खरी गंमत हॉप्सच्या, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांच्या, वासात असते. कास्केड जातीचे हॉप्स असतील तर पपनसाच्या सालीसारखा, थोडा फुलांचा वास येतो. हा वास ज्या तेलांमुळे येतो ती चटकन उडून जातात. हॉप्स 60 मिनिटे उकळले तर कडवटपणाच उरतो, म्हणून वासाचे हॉप्स उकळी संपता संपता किंवा आंबवण झाल्यावर घालतात. एवढे जपलेला वास साठवणुकीत जातो. केग 3-4 अंशांवर ठेवला तर तो दीड-दोन महिने बरा राहतो. उन्हाळी गोदामात काही आठवड्यांतच मंदावतो. भरताना हवा शिरली असेल तर पुढे ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येऊ लागतो.

अनोळखी टॅपरूममध्ये पहिला ग्लास पेल एलचाच घ्यावा, असे आमचे ठाम मत आहे. गव्हाच्या जर्मन पद्धतीच्या बिअरमध्ये केळी-लवंगेचा, तर बेल्जियन विट या गव्हाच्याच बिअरमध्ये धणे आणि संत्र्याच्या सालीचा वास असतो. त्याआड बरेच दोष लपतात. पेल एलमध्ये ते उघडे पडतात. आधी 60 ते 100 मिलीचा नमुना मागावा. बर्फाने पांढरा झालेला मग नाकारावा, कारण अतिथंड बिअरला वासच येत नाही. 7 ते 10 अंश योग्य. जास्त गार असेल तर ग्लास दोन मिनिटे तळहातात धरावा आणि घोट घेण्याआधी वास घ्यावा. ग्लासच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटले असतील तर ग्लास नीट धुतलेला नाही. तिखट चखणा नंतर मागवावा. मिरचीची आग आणि हॉप्सचा कडवटपणा एकमेकांना वाढवतात.

दोष ओळखायला नाक पुरते. हिरव्या सफरचंदाचा वास आला तर बिअर कच्ची असताना काढलेली असते. उकडलेल्या कोबीचा किंवा मक्याचा वास बहुधा उकळी कमी पडल्याने येतो. लोण्याच्या वासाची कारणे दोन: आंबवण संपताना यीस्टला आणखी दोन-तीन दिवस न देता टाकी थंड केली, किंवा केगपासून नळापर्यंतच्या नळीत जिवाणू वाढले. बिअर आंबट लागली आणि नळापाशी व्हिनेगरसारखा वास असेल, तर नळ आणि नळी अस्वच्छ आहेत असे समजावे. मग बनवणाऱ्याची मेहनत कितीही चोख असली तरी वायाच जाते.

नळ्या दर 14 दिवसांनी साधारण 2 टक्के कॉस्टिक सोड्याचे द्रावण किमान 15 मिनिटे फिरवून धुवाव्या लागतात, मग स्वच्छ पाण्याने पूर्ण खळखळून घ्याव्या लागतात. आत चढणारा खडूसारखा थर कॉस्टिकने जात नाही, त्यासाठी तीन महिन्यांतून एकदा आम्लाची धुलाई लागते. नुसते गरम पाणी सोडणे म्हणजे धुलाई नव्हे.

टॅपरूमचालकांना आमची विनंती आहे की प्रत्येक नळाच्या पाटीवर दोन तारखा लिहाव्यात: केग भरल्याची आणि नळी धुतल्याची. दुधाच्या पिशवीवरची तारीख आपण पाहतोच. पेल एलही तितकीच नाजूक आहे. तोवर ग्राहकांनी ऑर्डर देण्याआधी हे दोन प्रश्न स्वतःहून विचारावेत. उत्तर मिळाले नाही तर नमुन्यावरच थांबावे.

आपले,
दोन वाचक, पुणे