चष्म्याबद्दल, आणि बाबांच्या मोतीबिंदूबद्दल

पुणे, रविवार

ती. बाबा आणि ती. आईस,
सा. न. वि. वि.

फोनवर लेसरने माझा चष्मा घालवायच्या ऑपरेशनचा विषय निघाला की आईचा आवाज कापायला लागतो आणि बाबा "तू शहाणी आहेस" म्हणून फोन तिच्याकडे देऊन टाकतात. म्हणून सगळं लिहूनच काढते. दोघं मिळून सावकाश वाचा.

आधी आत्याचा मुद्दा निकालात काढू. लग्नासाठी चष्मा घालवायचा माझा विचार कधीच नव्हता. ज्या स्थळांना तो खुपला ती गेली, बरंच झालं. मला चष्म्याचा वैताग येतो तो कामावर. शीतगृहात चार अंश तापमान, तिथून पाश्चरायझरपाशी आलं की काचा पांढऱ्याफटक. तोंडाला मास्क, हातात मोजे, पुसायची सोय नाही. दुधाचा नमुना धरून आंधळ्यासारखं उभं राहायचं. कॉन्टॅक्ट लेन्स घालून पाहिल्या, पण अर्धी पाळी होईपर्यंत डोळे कोरडे पडून खुपायला लागतात.

आई, तू हे ऑपरेशन आणि बाबांचं मोतीबिंदूचं एकच समजतेस, आणि शेजारच्या काकूंचं बिघडलं म्हणून घाबरतेस. मोतीबिंदूत डोळ्याच्या आतलं गढूळ झालेलं भिंग काढून कृत्रिम बसवतात. लेसर त्या भिंगाला हातही लावत नाही. बुबुळावर जो पारदर्शक थर असतो, कॉर्निया, त्याचाच आकार बदलायचा. मायनस नंबरवाल्यांचा डोळा बहुधा लांबट असतो, त्यामुळे प्रतिमा डोळ्याच्या आतल्या, मागच्या पडद्याच्या अलीकडेच तयार होते. कॉर्निया मधोमध जरा चपटा केला की ती मागे सरकून पडद्यावर येते. लेसिक नावाच्या लेसर पद्धतीत कॉर्नियाचा वरचा पापुद्रा सायीसारखा एका कडेने उचलतात, खाली लेसर चालवतात आणि पापुद्रा परत जागेवर बसवतात. टाका नाही, पट्टी नाही.

आणि बाबा, लेसर डोळा भाजत नाही. तो १९३ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश असतो. रेणूंमधले बंध तोडून तो पेशीजाल नेमकं तेवढंच उडवतो, शेजारी झळ लागत नाही. हे ज्यांच्या लक्षात आलं त्यांच्यात आपल्या मद्रासला शिकलेले रंगस्वामी श्रीनिवासन होते. १९८१ साली, अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत, सणाच्या जेवणातल्या उरलेल्या टर्कीच्या तुकड्यावर त्यांनी हा लेसर चालवून पाहिला. (आई, एवढं वाक्य गाळून वाच.)

म्हणजे तंत्रावर माझा भरवसा आहे. प्रश्न माझ्या डोळ्यांचा आहे.

कॉर्नियाची जाडी साधारण ५४० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून जरा जास्त असते. माझी ४९६. एक नंबर घालवायला ढोबळमानाने १५ मायक्रॉन तासावे लागतात, आणि माझा नंबर साडेसहा, म्हणजे शंभराच्या आसपास गेले. पापुद्र्याचे ११० वेगळे, कारण तो परत ठेवला तरी पहिल्यासारखी ताकद धरत नाही. खाली उरले २९० च्या आतबाहेर. किमान २५० उरायलाच हवेत असा जुना नियम, पण पुष्कळ डॉक्टर आता ३०० मागतात. कॉर्निया फार कमजोर झाला तर आतल्या दाबाने पुढे फुगत जातो, नजर वेडीवाकडी होते आणि तासलेलं काही परत चिकटवता येत नाही.

पहिल्या दवाखान्यात यातलं कुणी काही बोललं नाही. तिथल्या समुपदेशक बाई म्हणाल्या, "होऊन जाईल मॅडम, दिवाळीआधी नाव नोंदवलंत तर सवलत आहे." मला सवलत या शब्दाचीच भीती वाटली. दुसऱ्या ठिकाणच्या डॉक्टरांनी कॉर्नियाचा रंगीत नकाशा समोर ठेवून अर्धा तास समजावलं. आकार ठीक आहे, पण लेसिक मी करणार नाही, म्हणाले. डोळे चोळायची सवय आहे का, हेही त्यांनी विचारलं, कारण चोळण्याने कॉर्निया कमजोर होऊ शकतो. आई, तू जिंकलीस.

पापुद्रा न उचलता करायची पीआरके नावाची पद्धत आहे. त्यात वरची नाजूक त्वचा खरवडून लेसर देतात. जाडी जास्त शिल्लक राहते, पण तीन-चार दिवस चांगलंच दुखतं, नजर हळूहळू येते, आणि मोठ्या नंबरला कॉर्नियावर धुरकटपणा येण्याची शक्यता असते. तिसरा उपाय म्हणजे डोळ्याच्या आतच लेन्स बसवणं. काचेवरच्या वाफेसाठी तेवढं करायची माझी आज तरी तयारी नाही.

तर लेसिक नाही, हे पक्कं. पीआरकेचं पुढच्या वर्षी बघू. गेल्या तपासणीत एका डोळ्याचा नंबर अर्ध्याने वाढलाय, आणि वाढता नंबर असताना कुणी शहाणा डॉक्टर हात लावत नाही. तोवर कंपनीकडे वाफ न धरणारे, नंबरचे गॉगल मागितलेत.

आणखी एक. लेसरने नंबर गेला तरी डोळा लांबटच राहतो. आतला पडदा ताणलेला, म्हणून तो सुटण्याचा धोकाही तसाच. दरवर्षी थेंब घालून पडदा तपासणं सुटत नाही. शिवाय आत्ता मी चष्मा काढून सुईत दोरा ओवते. लेसर केलं तर चाळिशीनंतर मलाही तुमच्यासारखा वाचायचा चष्मा लागणार. पैशाचं म्हणाल तर साडेसातच्या खालचा नंबर विमा धरत नाही. एक नंबर वाढू दे म्हणजे विम्यात बसेल, असा हिशोब बाबांनी कृपया करू नये.

आता तुमच्याकडे काम. बाबांच्या कपाटातल्या फाइलीत माझ्या कॉलेजपासूनच्या चष्म्यांचे कागद असतील, त्यांचे फोटो पाठवा. नंबर कसा वाढत गेला ते डॉक्टरांना बघायचंय. मूळ कागद टाकू नका. पुढेमागे लेसर केलं, तर माझ्या मोतीबिंदूच्या वेळी लेन्सचा हिशोब करायला ते उपयोगी पडतील.

बाबा, मिरजेला तुमच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख ठरवताना डॉक्टरांना एक नक्की सांगा की तुम्ही दिवसाचे चार तास वाचता आणि रात्री स्कूटर चालवता. दूर-जवळ दोन्ही दाखवणाऱ्या लेन्सने रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात. दूरची साधी लेन्स आणि वाचायला चष्मा, हेच तुम्हाला बरं पडेल असं मला वाटतं, पण तुमचं तुम्ही ठरवा. तारीख मात्र शनिवारची घ्या, म्हणजे शुक्रवारी रात्री मला निघता येईल.

तुमची,
मनू