राजाला ‘चेक’ नको, ‘शह’ द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला, तेव्हापासून मराठी वृत्तपत्रांत या खेळाला चांगली जागा मिळू लागली, याचा फार आनंद आहे. खटकते ते एवढेच की या बातम्यांत ‘राजाला चेक दिला’ असे सर्रास छापले जाते. ‘शह’ हा शब्द घरात असताना!

‘चेक’ हे मुळात ‘शह’चेच बदललेले रूप आहे. आपले चतुरंग, म्हणजे बुद्धिबळाचे जुने रूप, इराणात गेले, तेथे राजा ‘शाह’ झाला. पुढे अरबांमार्फत खेळ युरोपात पोचला आणि जुन्या फ्रेंचमधून तोच शब्द ‘चेक’ होऊन इंग्रजीत आला. ‘चेकमेट’ म्हणजे फारसी ‘शाह मात’, राजा निरुपाय झाला. संकटावर ‘मात’ करतो, तीही हीच.

शह बसला की बाकीचे बेत थांबवून आधी राजाला वाचवावे लागते, म्हणून इंग्रजीत ‘चेक’ म्हणजे अटकाव. त्यातून अंकुश आणि मग तपासणी. दवाखान्यातले चेकअप इथले. पटावरच्या चौकटींवरून चेक्सचा शर्ट आला. मला सर्वांत नवल वाटते ते इंग्लंडच्या खजिन्याचे. बाराव्या शतकात तेथे सरकारी हिशेब दहा फूट लांब, पाच फूट रुंद मेजावर होत. त्यावर रेघांचे कापड अंथरून रकान्यांत सोंगट्या मांडत. ते बुद्धिबळाच्या पटासारखे दिसे, म्हणून खात्याचे नावच ‘एक्सचेकर’ पडले. ब्रिटनचे अर्थमंत्री आजही ‘चान्सलर ऑफ द एक्सचेकर’ म्हणवतात. बँकेचा चेक मात्र तपासणीच्या अर्थातून आला: लबाडी पकडता यावी म्हणून ठेवलेल्या स्थळप्रतीला आधी हे नाव होते. ब्रिटिशांनी पुढे त्याचे स्पेलिंग एक्सचेकरच्या वळणावर नेले. अमेरिकेत साधेच राहिले.

इंग्रजी शब्दांना माझा विरोध नाही. बँकेत मीही ‘धनादेश’ म्हणत नाही, चेकच म्हणतो. पण राजकारणाच्या पानावर ‘शह-काटशह’ दिमाखात वापरायचे आणि ज्या पटावरून तो शब्द आला तेथे ‘चेक’ लिहायचे, हे बरे नव्हे. बुद्धिबळ शिकणारी मुले या बातम्या वाचतात. त्यांच्यासाठी तरी क्रीडापानावर ‘शह’ आणि ‘मात’ छापावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, सांगली