घसरते टेंडर, बोल स्प्रिंगला

महोदय,

बोगी म्हणजे रेल्वेचा डबा, हा समज वृत्तपत्रांनीच रुजवला आहे. खरी बोगी म्हणजे डब्याखालची, वळणासोबत फिरणारी चाकांची चौकट. अमेरिकी मॉडेलवाले तिला ट्रक म्हणतात. वाफेच्या इंजिनामागे कोळसा-पाणी वाहणाऱ्या टेंडरखाली सहसा अशा दोन असतात, आणि १:८७ मापाच्या, म्हणजे एचओ, पितळी मॉडेलांत सर्वाधिक डोकेदुखी त्यांचीच.

टेंडर घसरले की बोगीच्या स्प्रिंगा बदलायची घाई होते. बहुतेकदा ते व्यर्थ असते. माप ८७ पटींनी घटले की वजन ८७ च्या घनाने, म्हणजे साडेसहा लाखांहून अधिक पटींनी घटते. तेवढ्या भाराने दबेल अशी नाजूक स्प्रिंग सहसा कोणी बसवत नाही. त्यामुळे खाच्यातल्या स्प्रिंगा बव्हंशी शोभेच्या. कामाला येते ते दोन्ही साइड फ्रेमचे, म्हणजे बोगीच्या दोन बाजूंच्या चौकटींचे, एकमेकींपासून स्वतंत्र कलणे. बोगी काचेवर ठेवा, एका चाकाखाली अर्धा मिलिमीटर जाडीचा पुठ्ठा सरकवा. उरलेली तिन्ही चाके काचेला टेकून राहिली पाहिजेत. एखादे उचलले गेले तर फ्रेम कुठेतरी अडते आहे; तिथे कानस चालवा.

मग बोगी टेंडरला जोडणारा मधला स्क्रू. मागची बोगी वळेल पण डावी-उजवीकडे कलणार नाही इतपत आवळा. पुढची वळू द्या आणि कलूही द्या. तिवई डुगडुगत नाही, त्यातलाच हा प्रकार. दोन्ही घट्ट केल्या की एखादे चाक अधांतरी राहते, दोन्ही सैल ठेवल्या की टेंडर डुलते. स्क्रूवरची छोटी स्प्रिंग फार दाबली गेली तर बोगी वळणावर फिरतच नाही, आणि दोष जातो रुळांना.

पितळी मॉडेलांत विजेचीही गोम आहे. नेहमीच्या मांडणीत इंजिन उजव्या रुळावरून वीज घेते, टेंडर डाव्या रुळावरून. म्हणजे टेंडरची उजवी चाके आसापासून विजेच्या दृष्टीने विलग हवीत. साफसफाईनंतर एक बोगी उलटी बसली की थेट शॉर्ट. रुळावर ठेवण्याआधी मीटर लावा: टेंडरच्या अंगाशी डावी सगळी चाके जोडलेली, उजवे एकही नाही.

कपलरच्या, म्हणजे डबे जोडणाऱ्या आकड्याच्या, मध्याची उंची रुळाच्या माथ्यापासून २५/६४ इंच, म्हणजे सुमारे ९.९ मिलिमीटर हवी. कमी पडली तर बोगीवर वॉशर घाला, पण पितळी. फायबरचा घातला की वीज फक्त स्क्रू आणि त्याच्या स्प्रिंगच्या भरवशावर राहते आणि इंजिन आचके देऊ लागते. वजनासाठी अमेरिकेतील एनएमआरए या संघटनेची डब्यांसाठीची शिफारस आधाराला घ्यावी: एक औंस, अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. सहा इंची टेंडरला चार औंस, म्हणजे सुमारे ११३ ग्रॅम. शिसे दोन बोग्यांच्या मधोमध, तळाशी चिकटवा. मागे ठेवले की पुढची बोगी हलकी होऊन आधी तीच उतरते. ड्रॉबार, म्हणजे इंजिन-टेंडर जोडणारी दांडी, टेंडरला वर उचलत असेल तरी हेच होते.

राहिला स्प्रिंगा बसवण्याचा प्रश्न. आधी स्प्रिंगमधून शिवणाचा दोरा ओवा, पात्याच्या टोकाने ती दाबून खाच्यात ढकला, दोन्ही टोके खुंट्यांवर बसली की दोरा ओढून घ्या. सारे काम पारदर्शक पिशवीत हात घालून करा, म्हणजे उडालेली स्प्रिंग पिशवीतच सापडेल.

— एक वाचक, पुणे